फॉर्मात लिहिलेले पाच

"ते ॲट कुठं असतंय हो? तो शेपटीवाला ए..."

शेजारच्या कॉम्प्युटरवर बसलेल्या पोरानं माझ्याकडं न बघताच हात लांबवला, माझ्या कीबोर्डाची दोन बटनं एकदम दाबली, आणि पडद्यावर तो शेपटीवाला ए उमटला.

"थँक्यू," मी म्हटलं.

अंबाजोगाईच्या बस स्टँडसमोरचं झेरॉक्सचं दुकान. बाहेर भुरभुर पाऊस, आत तीनच कॉम्प्युटर आणि फॉर्म भरायचा शेवटचा दिवस. दोन कॉलेजांच्या आम्हा बी.एड.वाल्यांना सराव पाठांसाठी एकच शाळा मिळाली होती, आणि त्या शाळेनं भावी शिक्षकांची माहिती ऑनलाइन मागवली होती. पहिला रकाना शैक्षणिक पार्श्वभूमी. तो मी मोठ्या तोऱ्यात भरला. बी.ए., एम.ए. मराठी, वक्तृत्वाची तीन बक्षिसं. जागा पुरेना. दुसरा रकाना होता, तंत्रज्ञान किती सहज वापरता, एक ते पाच. माझी मैत्रीण दिपाली सांगूनच गेली होती, "पाचच लिही गं. कोण तपासायला येतंय?"

मी पाच लिहिलं. शेजारून फिस्सकन हसू आलं.

"कावून हसलात?"

"न्हाई, काय न्हाई... पाच म्हणजे लई झालं ना? ॲट सापडंना, आन—"

"दुसऱ्याच्या फॉर्मात डोकवायला लाज न्हाई वाटत?"

"तुमीच बोलवलं की डोकवायला."

मग मीही त्याच्या पडद्यावर डोकावले. नाव सुरज, गाव युसूफ वडगाव, शाळा... तीच, आमचीच! शिक्षण बी.एस्सी. कॉम्प्युटर. आणि त्याच्या खाली, सहजता — एक.

"एक?" मी जवळजवळ ओरडलेच. "कॉम्प्युटर शिकून एक? खोटारडे!"

"हळू, हळू..." तो इकडंतिकडं बघत म्हणाला. "गावात एकदा कळलं की ह्याला कॉम्प्युटर येतंय, तर माणूस दुसऱ्याचे फॉर्म भरता भरताच म्हातारा होतोय. मला मास्तर व्हायचंय मॅडम, ऑपरेटर न्हाई."

एवढं बोलून त्यानं पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं... आणि त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मी छत्री विसरूनच घरी आले.

सोमवारी शाळेत आमची जबाबदारी होती तिडके सरांकडं. अठ्ठावीस वर्षं नोकरी झालेले शहादेव तिडके सर. कागदावर आहे ते खरं, बाकी सगळी हवा, असा त्यांचा स्वभाव. आठवीच्या वर्गात भिंतीवर मोठा डिजिटल बोर्ड होता. त्याचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं, खराब होईल म्हणून. सरांनी आमचे फॉर्म छापून आणले होते.

"कावेरीताई, पाच! शाब्बास. आजपासून बोर्ड तुमच्याकडं. आणि हे सुरज..." सरांनी चष्मा वर केला, "...एक. अरेरे. ताई, ह्यांना शिकवा. महिनाभरात तीनपर्यंत तरी आणा. करा सुरुवात, मी बघतो."

मी बोर्डासमोर उभी राहिले. काळाकुट्ट बोर्ड आणि त्यात माझाच चेहरा. सर मागं हाताची घडी घालून उभे. चालू कुठून करतात हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात सुरजनं बापुडवाणा चेहरा करून हात वर केला. "मॅडम, शंका हाय. ते उजव्या बाजूला, खाली, लाल टिकलीशेजारचं बटन... ते दाबायचं असतंय का हो?"

"अगदी बरोबर!" मी बटन दाबलं. बोर्ड उजळला. "लक्ष दिलं की येतं."

"आन मॅडम, आता ते पेनाचं चित्र हाय, त्याला बोट लावलं तर लिहिता येतंय की काय?"

"तेच सांगणार होते मी."

"लई अवघड हाय बुवा," तो मान हलवत म्हणाला. "तुमच्यावाणी आमाला कवा येणार..."

हसू दाबता दाबता मला उचकी लागली. तिडके सर मात्र खूश. "ताई, तुम्ही संयमानं शिकवता," म्हणाले.

पुढं रोज हेच. सरांच्या देखत मी मॅडम आणि तो ढ. शाळा सुटली की वर्गात उलटं. "हे ओढा... न्हाई, बोटानं, नखानं न्हाई... हळूच. गुलाबजाम उचलल्यावाणी." बोर्डावर माझ्या बोटाशेजारून त्याचं बोट सरकायचं. कधी दोन्ही बोटं एकाच जागी यायची, बोर्ड गोंधळायचा आणि चित्र आपोआप मोठं मोठं होत जायचं. आम्ही दोघंही एकदम हात मागं घ्यायचो.

त्याचं दुखणं वेगळंच होतं. यंत्रापुढं वाघ, पण पन्नास पोरं समोर आली की आवाज गायब. पहिला आख्खा पाठ त्यानं पोरांकडं पाठ करून, फळ्यालाच शिकवला.

"पोरांकडं बघून बोला ना," मी म्हटलं.

"सगळी एकदम माझ्याकडं बघतात हो... घसाच बसतोय."

"मग एकाच कुणाकडं तरी बघून बोला."

दुसऱ्या दिवशी प्रकाशाचं परावर्तन होतं. मी शेवटच्या बाकावर निरीक्षण लिहीत बसले होते. सुरजनं आख्खा तास माझ्याकडं बघून शिकवला. एक शब्द अडखळला नाही. पोरी हळूहळू खुसखुसायला लागल्या. मग एकेक मान मागं वळली. मास्तर मागं एवढं काय बघतायत, म्हणून आख्खा वर्ग माझ्याकडं तोंड करून बसला. निरीक्षणाच्या वहीत मी "आवाज स्पष्ट" एवढंच लिहिलं, तेही वाकडंतिकडं.

आणि मग तो दिवस आला. शिक्षण खात्याच्या एक अधिकारी मॅडम शाळा बघायला येणार होत्या. तिडके सरांनी परस्पर ठरवून टाकलं की कावेरीताई सगळ्या शिक्षकांना डिजिटल बोर्ड शिकवतील, मॅडमच्या समोर. घरी माझ्या वडिलांचं, आप्पांचंही ठरलं होतं. बी.एड.चं प्रमाणपत्र हातात आलं की लातूरचं स्थळ बघायचं. सराव पाठात नापास होऊन घरी बसले असते, तर स्थळ आठवड्यातच दारात आलं असतं.

त्या दिवशी सुरज आलाच नाही. वडगावची बस वाटेत बंद पडली होती, हे मला नंतर कळलं. समोर नऊ शिक्षक, पहिल्या खुर्चीत अधिकारी मॅडम, मागं तिडके सर अभिमानानं उभे. मी लाल टिकलीशेजारचं बटन दाबलं. बोर्डावर कसलातरी चौकोन आला आणि पासवर्ड मागू लागला. हे तर कधीच आलं नव्हतं...

एक खोकला झाला. दुसरा झाला. मग मी वळून म्हटलं, "मॅडम, मी फॉर्मात खोटं लिहिलंय. मला पाच येत न्हाई. येऊन येऊन दोन येत असंल. तेबी ह्या महिन्यात शिकले."

तिडके सरांनी घाईघाईनं फाईल काढली. "पण इथं कागदावर पाच आहे!"

"कागदच खोटा हाय सर."

"मग महिनाभर हे चालवत कोण होतं?"

त्याचं नाव घ्यायचं नाही असं मी ठरवलं होतं... आणि दारातून धापा टाकत आवाज आला, "मी."

सुरज दारात उभा, चिखलानं माखलेली पँट, एक चप्पल हातात. "खोटं मीबी लिहिलंय सर. माझं शिक्षण कॉम्प्युटरचंच हाय. काल पोरांनी बोर्डाला हात लावू नये म्हणून पासवर्ड टाकला, तो मॅडमला सांगायचा राह्यला. बस बंद पडली, म्हणून चालत आलो... चार किलोमीटर."

तिडके सर मटकन खुर्चीत बसले. अठ्ठावीस वर्षांत एकाच दिवशी दोन कागद खोटे निघाले नव्हते. अधिकारी मॅडमनी आधी तोंडावर रुमाल धरला, मग रुमाल काढून सरळ हसल्याच. "येतंय त्यानं नाही म्हणायचं आणि नाही त्यानं येतंय म्हणायचं! बरं, घ्या दोघं मिळून."

आम्ही घेतलं. त्यानं बोर्ड चालवला, मी समजावून सांगितलं. तिडके सरांनी स्वतःच्या बोटानं बोर्डावर आपलं नाव लिहिलं आणि किती तरी वेळ पुसू दिलं नाही. पण शिक्षा झालीच. दोघांनी नव्यानं खरी माहिती लिहून द्यायची आणि सुरजनं शेवटपर्यंत दर शनिवारी शिक्षकांची शिकवणी घ्यायची.

"झालात की ऑपरेटर," मी बाहेर आल्यावर म्हटलं.

"तुमी शनिवारी येणार आसाल तर..." पुढचं वाक्य त्याच्या घशातच राहिलं.

सराव पाठ संपले. प्रमाणपत्रं मिळाली. शेवटच्या दिवशी फाटकापाशी तो दहा मिनिटं चपलेनं खडा ढकलत उभा राहिला आणि म्हणाला, "बरं, मग... येतो." झालं! मी घरी येऊन चिडून तीन बादल्या कपडे धुतले.

चार दिवसांनी मंडी बाजारातल्या आमच्या किराणा दुकानात मी आतल्या दाराशी गहू निवडत होते. बाहेरून ओळखीचा आवाज आला. "अर्धा किलो... साबुदाणा द्या."

आप्पांनी दिला. तो गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. साबुदाणा. तिसऱ्या दिवशीही तेच.

"लई देवभोळं घर दिसतंय," आप्पा कौतुकानं म्हणाले.

"रोज कुणाचा उपास आसतोय?" आई म्हणाली. माझी आई नीलम्मा, तिच्या नजरेतून मुंगी सुटत नाही. "आन तो आतल्या दाराकडं कावून बघतोय?"

चौथ्या दिवशी आप्पांनीच विचारलं, "कुठले तुमी?"

"युसूफ वडगावचा."

"मग वडगावात साबुदाणा मिळंना झाला का?"

सुरजनं तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. कान लाल. तेलाचा डबा घेऊन आलेल्या कडूबाई मावशी गोष्ट रंगली म्हणून डबा खाली ठेवून उभ्या. आणि ह्याच्या तोंडून निघालं काय... "पाव किलो भगरबी द्या."

मला राहवलं नाही. मी सूप ठेवलं आणि बाहेर आले.

"आप्पा, ह्यांना साबुदाणा नको. माझ्यासाठी येतायत ते रोज." माझाच आवाज मला उसना वाटत होता. "आन लातूरवाल्यांना न्हाई म्हणून सांगा. मला... हेच पाहिजेत."

आप्पांनी तराजूकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, मग बराच वेळ सुरजकडं. "आपल्यातले न्हाईत ना तुमी?" त्यांनी हळूच विचारलं.

"न्हाई," सुरज म्हणाला. या वेळी एकदम स्पष्ट. "पण आईला सांगितलंय मी. मुक्ताबाई नाव तिचं. ती म्हणली, पोरगी हो म्हणली तर मी सोता येते तिच्या घरी."

आप्पा तेलाच्या डब्याकडं वळले. कडूबाई मावशींचं तेल मोजून दिलं, डब्याचं झाकण घट्ट बसवलं, हात पुसले. मग म्हणाले, "रविवारी आना त्यांना. सकाळी नका येऊ, गिऱ्हाईक आसतंय. दुपारी या... जेवायलाच या."

आईनं आतून विचारलं, "चहात साखर किती?"

सुरजची बस गेली होती, पुढची दीड तासानं होती. त्या दीड तासात तो आप्पांशी बोलला, आईशी बोलला, कडूबाई मावशींच्या नातवाच्या अॅडमिशनबद्दलही बोलला, कुठंच न अडखळता. मग मी कप न्यायला आले. तो म्हणाला, "कावेरी, चहा..." आणि चहा कसा झाला होता ते काही त्याला सांगता आलं नाही.