डावीकडचं खालचं पान

मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. आमच्या सासूबाई, म्हणजे आक्का, सगळ्या पाहुण्यारावळ्यांना सांगतात की ही देवाला हात जोडतानाही एक डोळा उघडा ठेवते. त्यात फारसं खोटं नाही.

रंकाळ्याच्या बाजूला आमचं घर आहे. मिस्टर गडहिंग्लजला नोकरीला, त्यामुळे घरात आम्ही तिघीच: आक्का, मी आणि बारावीतली माझी लेक मोना. गेल्या वर्षी गच्चीवर मी पिशव्यांत वांगी लावली, प्रयोगासाठी. एका रांगेला रोज पाणी, दुसरीला तहान. तहानलेलं झाड प्रोलिन नावाचं अमिनो आम्ल साठवतं आणि त्यावर तग धरतं. ते ओळखायची रीत सोपी. पान खलात वाटायचं, गाळायचं, औषध घालून उकळायचं, शेवटी टोल्युइन नावाचा द्राव घालून हलवायचं. प्रोलिन असलं की मिसळीवर कट यावा तसा लाल थर वर येतो.

तहानलेली रांग लाल आली. पण पाण्याची रांगही लाल आली.

"आक्का, पाणी घालताय ना रोज?"

"घालतीया की. तुजी झाडं म्हणून काय उपाशी ठीवीन व्हय गं?"

मातीत बोट घातलं तर ओल होती. पिशव्यांवरच्या चिठ्ठ्या बदलल्या असतील म्हणून नव्या लावल्या. औषध जुनं असेल म्हणून नवी बाटली फोडली. लाल ते लालच. पुढे मी पानं वेगवेगळी तपासली, तेव्हा एक विचित्र गोष्ट दिसली. पाण्याच्या रांगेतल्या प्रत्येक झाडाची वरची पानं स्वच्छ होती. लाल येत होतं ते फक्त एक पान, अगदी खालचं, जिन्याकडून पाहिलं की डाव्या हाताचं.

अळीनं पान कुरतडलं की जखमेतून ग्लुटामेट सांडतं, आणि तेवढ्या निरोपावर त्या झाडाची इतर पानं सावध होतात. हे मी दरवर्षी रंगवून शिकवते. पण त्याच झाडाची पानं. शेजारच्या पिशवीला त्याचा पत्ता नसतो. इथे तर कुठे अळीही नव्हती, कीडही नव्हती.

एका सकाळी मी तिथेच खल घेऊन बसले होते. आक्का पाय धुऊन रांगेला पाणी घालत होत्या. त्या पुढे गेल्या आणि फरशीवर त्यांची ओली पावलं उमटली. उजवी पावलं वाळत होती. डाव्यांच्या टाचेशी पिवळसर डाग राहत होता, आणि वांग्याच्या पानांच्या वासात दुसराच, गोडूस वास मिसळला होता.

"आक्का, पाय बघू."

"काय न्हाय की. नवी चप्पल हाय, चावणारच."

आमच्याकडे हे कुणालाच खटकत नाही. नवी कोल्हापुरी चावते, तेल लावायचं, पाय सरावतो, संपलं. पण आक्कांना साखर आहे, आणि त्या पायाला चावलेलं कळतच नव्हतं. टाच काळी पडली होती. मी बोटानं दाबलं, तरी त्या माझ्याकडे बघून हसत होत्या.

डॉक्टर म्हणाले, "आणखी थोडं थांबला असता, तर गुडघ्यापर्यंत काढावा लागला असता."

पाय वाचला. आक्का घरी चालत आल्या. मी पुन्हा पानं तपासली, सगळी स्वच्छ. त्या दिवशी मी गच्चीवर वांग्यांसमोर हात जोडले आणि दोन्ही डोळे मिटले. रडलेही. योगायोग म्हणा, काही म्हणा, पण ज्यांच्यामुळे माझी आक्का दोन पायांवर उभी आहे त्यांचे उपकार मानायला मला कसली लाज? आक्कांना मात्र मी रांगेचं काहीच सांगितलं नाही.

त्यांनी त्याच वांग्यांचं बी धरलं. यंदा रोपं लावली, आणि प्रत्येकीच्या नावाची एक पिशवी केली.

"ह्ये माजं, ह्ये तुजं, ह्ये मोनाचं. ज्यानं त्यानं आपापल्याला पाणी घालायचं."

परवा सकाळी मी सहज तिन्ही रोपं तपासली. हल्ली खालची पानं बघायची सवयच लागली आहे.

आक्कांचं स्वच्छ. माझं स्वच्छ.

मोनाचंही खालचं पान स्वच्छ होतं. मला हायसं वाटलं. मग उगीच, राहायला नको म्हणून, बाकीचीही घेतली.

अगदी शेंड्याचं पान लाल आलं. इतका गडद रंग मी आजवर पाहिला नव्हता.

पुन्हा केलं. तसंच.

मी रोपाला हात जोडले. आधी ते केलं, मग खाली गेले. मोना टेबलाशी पुस्तक उघडून बसली होती.

"मोना, डोकं दुखतंय का गं?"

"काय न्हाय की, मम्मी."

"चपला घाल. जरा जाऊन येऊ."

मी गाडीची किल्ली घेतली. मोना चपलेसाठी खाली वाकली, आणि डाव्या चपलेत उजवा पाय घालत राहिली.