उसनं नाक

गाडीच्या एसीतला वास घालवणं हा माझा धंदा आहे, आणि मला स्वतःला वास येत नाही. हसायचं असेल तर हसून घ्या, सगळेच हसतात. इतकी वर्षं फवारे, फेस आणि गॅस यांच्यात डोकं खुपसून काम केल्यावर माझं नाक चष्मा टेकवण्यापुरतं उरलंय. "नाक नाही आणि दिवसभर नाकाने कांदे सोलतो," असं माझी ताई म्हणते. लहानपणी मी सगळ्या कामात मागे असायचो म्हणून तिने माझं नाव थंडोबा ठेवलं होतं. पुढे मी एसीच्याच कामात पडलो आणि ते नाव कायमचं चिकटलं.

नाक नाही म्हणून मी ते उसनं घेतो. काम झालं की गिऱ्हाइकाला आत बसवायचं, पंखा सुरू करायचा आणि विचारायचं, "येतोय का?" पण गिऱ्हाइकांच्या नाकांचा भरवसा नसतो. काहींना नसलेला वास येतो, काहींना घाईत असलेलाही येत नाही. म्हणून अवघड गाडी आली की मी ताईच्या मुलीला बोलावतो. भिंगरी दुसरीत आहे. दोन सारख्या टॉवेलांतला आईचा कुठला, हे ती डोळे मिटून सांगते. माझ्या गॅरेजमध्ये तिच्यासाठी एक उंच स्टूल ठेवलेलं आहे आणि त्यावर दुसऱ्या कोणी बसलेलं तिला खपत नाही.

या वेळी गाडी ताईचीच होती. जुनी, पण चांगली ठेवलेली. भिंगरीची छाती जन्मापासून नाजूक. तान्ही असताना ती दोनदा दवाखान्यात ऑक्सिजनवर होती आणि तिचे बाबा तेव्हाही बोटीवर होते, आत्ताही असतात. शाळेच्या रस्त्यावर धूळ फार, म्हणून ताईने स्कूटर विकून ही गाडी घेतली. घेतल्यावर महिन्याभरात म्हणाली, "थंडोबा, एसी लावला की ओल्या फडक्यासारखं येतं रे. आणि ही खोकते."

ओलं फडकं म्हणजे माझ्या रोजच्या जेवणातलं मीठ. एसीची कॉइल, म्हणजे हवा गार करणारी जाळी, सतत ओली असते, तिच्यावर धूळ बसते, धुळीत बुरशी धरते. मी फिल्टर काढला तर तो काळा आणि त्यात कुजलेली पानं. नवा घातला. कॉइलवर फेस मारला, खालच्या नळीतून काळं पाणी येऊन येऊन शेवटी स्वच्छ यायला लागलं. मग हीटर लावून सगळं आतून सुकवलं. भिंगरी स्टुलावरून उतरली, पुढच्या झरोक्याला नाक लावलं आणि परीक्षकासारखी मान हलवून म्हणाली, "गेला."

"घरी पोचायच्या थोडं आधी एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेव," मी ताईला सांगितलं. "कॉइल कोरडी राहते."

"बरं, डॉक्टर," ताई म्हणाली.

आठवडाभरात पहिले पाढे पंचावन्न. या वेळी मी डॅशबोर्ड उतरवला आणि कॉइल बाहेर काढून टेबलावर धुतली. एवढं मी पैसे मोजणाऱ्या गिऱ्हाइकांसाठीही करत नाही, पण भाचीचा खोकला म्हटल्यावर कोण वेळ बघतो? कॉइल नव्यासारखी झाली. वास तरीही आला. फक्त बदलला.

"फडकं नाही आता," ताई म्हणाली. तिला सांगायला जड जात होतं. "पारोशा तोंडाचा वास आहे. झोपेतून उठून, चूळ न भरता कोणी जवळ येऊन बोललं तर येतो ना, तसा."

"तू सकाळी दात घासतेस ना?"

ती हसली नाही. "रात्री हिला धाप लागली होती. मी दवाखान्याची पिशवी भरून दाराशी ठेवलीय, आणि तुला विनोद सुचतायत."

भिंगरी मागच्या सीटवर ड्रायव्हरच्या मागे, दाराला चिकटून बसली होती. सीटचा बाकीचा सगळा भाग मोकळा होता. ताई तिला म्हणाली, "अगं, अशी काय अंग चोरून बसतेस? नीट पसरून बस."

"नीटच बसलेय," भिंगरी म्हणाली.

मी गाडी ठेवून घेतली. आमच्या कामात एक साधी परीक्षा आहे. डॅशबोर्डवर एक बटण असतं. ते एकीकडे केलं तर एसी बाहेरची हवा ओढतो, दुसरीकडे केलं तर आतलीच हवा पुन्हा पुन्हा फिरवतो. वास कॉइलचा असेल तर दोन्हीकडे येतो. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर भिंगरी आली आणि मी तिला पुढे बसवून बटण फिरवलं. बाहेरची हवा असताना वास नाही. आतली हवा सुरू केली की हळूहळू येऊन साठायचा. पुन्हा केलं, पुन्हा तसंच. म्हणजे माझी कॉइल निर्दोष होती. वास ज्याचा होता ते गाडीच्या आतच, बसायच्या जागेत होतं.

मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. कुठेतरी पाणी मुरतंय, एवढाच त्याचा अर्थ. मी सीटा काढल्या, सतरंजी काढली, पत्र्यापर्यंत सगळं उघडं केलं. मेलेला उंदीर नाही, सांडलेलं दूध नाही, ओल नाही. एका सीटखाली केसांची पिन सापडली, तीही भिंगरीचीच निघाली. सगळं धुतलं, वाळवलं, परत बसवलं.

मग दोन दिवसांनी, भर दुपारी गाडी गॅरेजच्या सावलीत लावली, सगळ्या काचा बंद केल्या, आतली हवा फिरवायला ठेवली आणि एसी सुरू करून बाहेर खुर्ची टाकून चहा घेत बसलो. भिंगरी शाळेत होती. गाडीत कोणी नव्हतं.

चहा संपता संपता मागच्या काचेवर एक ठिपका दिसला. ड्रायव्हरच्या मागची नव्हे, तिच्या पलीकडच्या बाजूची काच. भिंगरी ज्या बाजूला कधी बसत नाही, ती बाजू.

वाफ होती. काचेवर तोंड नेऊन हा केल्यावर धरते तशी, गोल.

आता हे काही जगावेगळं नाही. आत गार आणि बाहेर दमट असेल तर काचेवर वाफ धरतेच, पण ती बाहेरून. मी उठून बोटाने पुसायला गेलो. काच कोरडी होती. वाफ आतून होती.

एसी आतली हवा कोरडी करतो. नळीतून पाणी ठिबकतं ते त्याचंच. एसी चालू असताना काचेवर आतून वाफ धरायची तर आत कोणीतरी श्वास सोडत असावं लागतं. हे मी गिऱ्हाइकांना नेहमी सांगतो.

मी दार उघडून फडक्याने काच पुसली, दार लावलं आणि उभा राहिलो.

ठिपका परत धरला. मोठा झाला, लहान झाला. मोठा झाला, लहान झाला. उंची माझ्या कोपराएवढी, म्हणजे सीटवर बसलेल्या लहान मुलाच्या तोंडाइतकी.

मला भीती वाटली. पण भीतीपेक्षा राग जास्त आला. माझ्या भाचीला दम लागत होता आणि हे जे काही होतं ते आरामात बसून श्वास घेत होतं. मी ताईला फोन करून वाफेचं काही सांगितलं नाही. नुसतं म्हणालो, "उद्या ये. काय वाट्टेल ते होवो, उद्या हे घालवतो. आणि भिंगरीला आण, नाक लागेल."

घालवायची पद्धत सोपी आहे. बाहेरची हवा पूर्ण जोराने आत घ्यायची, हीटर पूर्ण वाढवायचा आणि सगळी दारं-काचा बंद करून एकच काच थोडी खाली करायची. आतली सगळी हवा मग त्या एका फटीतूनच बाहेर पडते. मी मागची तीच काच चार बोटं खाली केली. फटीपाशी भिंगरीचं स्टूल ठेवलं.

"वास येतोय तोवर येतोय म्हण. संपला की सांग."

ती स्टुलावर चढली आणि फटीला नाक लावलं. पंखा घोंघावत होता. तिच्या कपाळावरचे केस मागे उडत होते.

"येतोय."

ताई माझ्या मागे पदर मुठीत धरून उभी होती.

"येतोय. खूप येतोय, मामा."

"बस झालं, उतर," ताई म्हणाली.

"थांब, संपतच आलंय," मी म्हणालो.

भिंगरीने डोळे मिटले. छाती भरून एक लांब श्वास घेतला, इतका लांब की एवढ्याशा छातीत तो मावला कसा, असं मला वाटून गेलं. मग तिने तोंड मिटलं आणि स्टुलावरून उतरली.

"गेला," ती म्हणाली.

आणि खरंच गेला. मी आतली हवा फिरवून पाहिली, ताईने आत बसून पाहिलं, रस्त्यावरून चाललेल्या एका रिक्षावाल्यालाही मी हाताला धरून आत बसवलं. कोणालाच वास नाही. काचा लख्ख. ताईचा जीव भांड्यात पडला. ती तिथेच रडली आणि मला म्हणाली, "थंडोबा, तू माझं केवढं ओझं उतरवलंस रे." मीही पाघळलो. भिंगरी एकदाही खोकली नाही.

त्यानंतरही नाही खोकली. ताईचा रोज फोन यायचा: झोप शांत लागते, धाप नाही, दाराशी ठेवलेली पिशवी उचलून आत टाकली. गाडीला आता नव्या कपड्याचा वास येतो म्हणाली. शेवटी तिने मला जेवायलाच बोलावलं.

भिंगरी सोफ्याच्या एका टोकाला, त्याच्या हाताला चिकटून बसली होती. मला पाहून ती हसली, पण उठली नाही. मी चिडवलं तरी बडबडली नाही.

"जरा गप्प झालीय हल्ली," ताई वाढता वाढता म्हणाली. "पण खोकण्यापेक्षा गप्प बरी. अगं, मामाला बसू दे ना शेजारी. नीट पसरून बस."

"नीटच बसलेय," भिंगरी म्हणाली.

घास माझ्या हातातच राहिला. ताईला विचारणार होतो, सकाळी हिच्या तोंडाला वास येतो का. विचारलं नाही. ताई इतक्या दिवसांनी पोटभर जेवत होती.

निघालो तेव्हा बाहेर गारठा पडला होता. ताई मला सोडायला फाटकापर्यंत आली. घरात भिंगरी एकटीच होती. ती खिडकीशी आली आणि बंद काचेला नाक लावून उभी राहिली.

"बघ, टाटा करतेय," ताई म्हणाली आणि ती फाटकाची कडी काढायला वळली.

मी हात हलवला. भिंगरीने हात हलवला. काचेवर तिच्या तोंडासमोर वाफेचा गोल धरला होता. त्याला लागूनच, तेवढ्याच उंचीवर, दुसरा गोल होता.

तिचा गोल लहान झाला आणि विरून गेला. तो पुन्हा धरेल म्हणून मी वाट पाहत राहिलो. भिंगरी माझ्याकडे बघत हात हलवत होती आणि तिच्यासमोरची काच तशीच लख्ख राहिली. शेजारचा गोल मोठा होत होता, लहान होत होता.