एलियाहूच्या ताटावरची अक्षरं

"ताट गेलं!"

जुडाकाका पेणकरांची आरोळी पेताह तिक्वाच्या अर्ध्या गल्लीला ऐकू गेली असेल. सिनेगॉगचं कपाट उघडं होतं आणि एलियाहू हन्नबी ह्या प्रेषिताच्या नवसाच्या मलिद्याचं पितळी ताट जागेवर नव्हतं. रेवदंड्याहून आलेलं ताट! कुलूप मात्र शाबूत.

सोळा वर्षांच्या रोनितच्या अंगावर काटा आला. भीतीनं? छे, आनंदानं! १९७६चा तो अख्खा उन्हाळा तिच्या वर्गातल्या सगळ्याजणी एकच जाडजूड कादंबरी वाचत होत्या. गुप्त पंथ, हरवलेला वंश, पवित्र भांड्यावरची सांकेतिक लिपी. जेवताना वाचा, अंघोळीला जाताना वाचा! आणि त्यात चोर कोण? देवळाचा राखणदार.

"काका, अव्नेर! परवा तो भिंगातून ताटावरची अक्षरं बघत होता."

बोलून गेली खरी. काका तडक फोनकडे वळले. "दुसरी किल्ली त्याच्याकडेच. पोलीसच बघतील आता!"

अव्नेर, रुमानियाहून आलेला म्हातारा, सिनेगॉगची झाडलोट करायचा. तो पायरीवर बसला होता.

"ही नोकरी गेली की दुसरी कोण देईल?" तो हिब्रूत म्हणाला.

"मग भिंग कशाला?"

"तू त्या ताटावर कागद ठेवून पेन्सिल घासत होतीस. म्हटलं, त्या गोड वाळूच्या ताटात एवढं काय आहे?"

"गोड वाळू?"

"तुम्ही पोहे, साखर, खोबरं कालवता ती."

"आणि तोराच्या पवित्र गुंडाळीचे चांदीचे मुकुट?"

"आहेत की कपाटात."

चांदी सोडून पितळ उचलणारा चोर? अन् जुनी तोरा सोडून ताट नेणारा पंथ? रोनित उठली आणि पहिली किल्ली जिथे खिळ्याला टांगलेली असते त्या जुडाकाकांच्या घरी धावली.

येहुदितकाकूनं कोरा चहा पुढे केला. बोटाला पट्टी होती. "साखर नाही गो घरात. कुपातच्या दवाखान्यातल्या डॉक्टरानं ह्यांचं गोड बंद केलंय. नारळसुद्धा पेसाखच्या सणापासून आणला नाही."

"बॅग भरलीस? कुठे निघालीस?"

"यरुशलेमला, बहिणीकडे."

गॅलरीत मांजर करवंटी चाटत होतं. आतून पांढरीशुभ्र, ओली करवंटी.

रोनितनं खिशातला पेन्सिलीनं घासलेला कागद उलगडला. "काकू, ही कुठली लिपी?"

काकूनं नुसतं पाहिलं आणि मान वळवली. "दिसत नाही गो. चष्मा सापडत नाही."

चष्मा कपाळावर होता.

"रेगा! थांब, काकू. कुठे जाऊ नकोस!" रोनित धावली आणि काका व अव्नेर दोघांनाही ओढत घेऊन आली.

"अव्नेर नाही, काका. मी पुस्तक डोक्यात घेऊन फिरत होते. मोठं कारस्थान शोधता शोधता ताट कशाचं तेच विसरले! चांदी नको, तोरा नको, फक्त मलिद्याचं ताट हवं. असं कोणाला हवं असणार? नवस फेडणाऱ्याला. अव्नेर तर मलिद्याला गोड वाळू म्हणतो! पहिली किल्ली ह्या घरात आहे. नारळ आणला नाही म्हणते, नि मांजर ओली करवंटी चाटतंय. बोट कापलंय ते खोवताना. काकू, बॅग उघड."

काका ओरडले, "काहीतरीच काय!"

काकूनं बॅग उघडली. टॉवेलात गुंडाळलेलं ताट, पोहे, खोबऱ्याचा डबा.

"शोशानाला मुलगी झाली, एलातला," ती म्हणाली.

त्यांच्या मुलीनं, शोशानानं, परक्या जमातीतल्या दोवशी लग्न केल्यापासून ह्या घरात तिचं नाव घ्यायची बंदी होती.

"तिची आधीची दोन पोटातच गेली. नवस बोलले, ही जगली तर शोशानाच्याच ताटात मलिदा करीन. शनिवारच्या शब्बाथच्या आत परत ठेवणार होते. तुम्हाला विचारलं असतं तर दिलं असतंत?"

"शोशानाचं ताट?" रोनितनं विचारलं.

"मराठी बोलतेस, पण वाचता येत नाही ना तुला!" काकूनं चष्मा डोळ्यांवर ओढला आणि काठावर बोट फिरवलं. "'शोशानाच्या जन्माच्या आनंदात, जुडा पेणकर.' तुम्हीच कोरून घेतलं होतंत, तांबटाकडे बसून."

खाली पोलिसांची गाडी थांबली. जुडाकाका जिना उतरले. "चूक माझी," एवढंच वर ऐकू आलं. गाडी गेली. परत येऊन त्यांनी खिळ्यावरची किल्ली काढली आणि अव्नेरच्या हातात ठेवली.

"मी येईपर्यंत दोन्ही तुझ्याकडे. आणि माफ कर."

मग बॅग उचलली. "एलातची बस कुठून सुटते गो?"

"अहो, पण तुम्ही मलिदा खायचा नाही हं!"

"चिमूटभर," जुडाकाका म्हणाले. "नातीच्या नावानं."