तीस पट ताणलेला धागा

धागा तुटला आणि श्रीनाथ भेटला.

डँडेनॉन्गच्या आमच्या कारखान्यात नव्या धाग्याची माझी ट्रायल चालू होती. तुटलेला धागा रोलरभोवती गुंडाळला जात होता आणि मी बावचळून उभी. तो पुन्हा ओवायला दोघं लागतात. एकाने टोक धरायचं, दुसऱ्याने रोलरांवरून फिरवायचं. शेजारच्या लाइनवरून एक उंच मुलगा आला.

"मराठी ना तू? आत्ता रोलरला 'मेल्या' म्हणालीस."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने हसू दाबत टोक माझ्या हातात दिलं…

मग आठ महिने आम्हीच धागे ओवले. प्लास्टिकचा लेचापेचा धागा भट्टीतून नेत हळूहळू ताणायचा. आतले गुंतलेले रेणू सरळ होऊन एका दिशेने लागतात, आणि तीस पट ताणलेला धागा तेवढ्याच वजनाच्या पोलादी तारेला भारी पडतो. घाई केली की मात्र तुटतो. हे सगळं मला तोंडपाठ. पण सोमवारी त्याने डार्विनहून नोकरीचं बोलावणं आल्याचं सांगितलं, तेव्हा मी म्हणाले काय, तर "वॉव, कॉन्ग्रॅट्स!" जीभ झडो माझी.

उत्तर द्यायची मुदत शुक्रवारी दुपारी तीनपर्यंत. डार्विन म्हणजे देशाचं दुसरं टोक, साडेचार तासांचं विमान. तो गेला तर? आणि मी काही बोलायच्या आतच गेला तर? चार दिवस डबा तसाच घरी परत नेला.

शुक्रवारी पुन्हा ट्रायल. माझं अर्धं लक्ष घड्याळाकडे. अडीच… पावणेतीन… भट्टी तापायची वाट न बघताच मी रोलरचा वेग वाढवला आणि धागा फटकन तुटला.

श्रीनाथ धावत आला. "भट्टी थंड आहे, मयूरा! ट्रेनीपण असं करत नाही. काय झालंय तुला?"

"काही नाही. टोक धर."

"धरतो. पण सारखी घड्याळाकडे काय बघतेस?"

"तू… डार्विनला कळवलंस?"

"सोमवारीच."

माझ्या हातातला धागा निसटला.

"नाही म्हणून कळवलं," तो रोलरकडे बघत म्हणाला. "तू कॉन्ग्रॅट्स म्हणालीस, पण चेहरा इतका पडला होता तुझा…"

"सोमवारी? आणि मी चार दिवस जीव मुठीत धरून… सांगायचं नाही?"

"घाबरलो. का थांबलास, असं विचारलं असतंस. मी खरं सांगितल्यावर 'नो वरीज, मेट' म्हणत हसण्यावारी नेलं असतंस तर?"

मला हसू आलं, डोळेही भरले. काचेमागून सुपरवायझर हातवारे करत होता. करू दे.

"आता विचारते. का थांबलास?"

"आधी तू सांग. वेग का वाढवलास?"

"तू जाशील म्हणून," मी म्हणाले. "मला तू हवा आहेस, श्रीनाथ. कामापुरता नाही… कायमचा."

"मग आपलं दोघांचं कारण एकच आहे," तो म्हणाला. त्याने हातमोजा काढून माझा हात धरला, आणि भट्टी तापेपर्यंत सोडला नाही.