आधी एक ‘र’

प्रयोगशाळेच्या काचेबाहेर कौस्तुभ टिपणीसच्या येरझाऱ्या चालल्या होत्या. आत त्याची बायको ईशानी फ्रेंचचा धडा गिरवत होती. पक्षाघातानं तिची मराठी पुसली, हिंदी-इंग्रजी पुसली आणि त्यांच्याबरोबर माणसांची ओळखही नेली. नवऱ्याकडे ती परक्यासारखी बघे. ते त्याला सोसवत नव्हतं.

“फ्रेंचच का, डॉक्टर? मराठी का नाही?” त्यानं पुन्हा विचारलं.

“मराठी जिथे होती ती जागाच मेलीय,” डॉ. मुजावर म्हणाल्या. बाई शांत स्वभावाची, पण या प्रश्नाला तीही कंटाळली होती. “म्हणून मेंदूच्या निरोगी भागात आम्ही भाषांकुर लावला, ईशानीताईंच्याच पेशींपासून वाढवलेला. त्याला कोरी, आधी कधीच न शिकलेली भाषा लागते. घोकंपट्टी त्याला जमत नाही. साचा द्या, शब्द तो स्वतः घडवतो. ‘वनीर’ म्हणजे येणं. आधी ‘र’ लावला की ‘रवनीर’, परत येणं. ‘दीर’ म्हणजे सांगणं, ‘रदीर’ पुन्हा सांगणं.”

“आमच्यात दीर म्हणजे नवऱ्याचा भाऊ. इथे नवऱ्याचाच पत्ता नाही! माणसं कधी ओळखणार ती?”

“माणसंही अंकुरात नव्यानंच रुजतात. ज्या प्रसंगात पहिल्यांदा भेटतील, त्या प्रसंगासकट. घरचे प्रसंग म्हणूनच मागे ठेवलेत. जरा दम धरा.”

दम धरणं त्याच्या स्वभावात नव्हतं. आत संभाषणाचा सराव सुरू झाला. प्रसंग कॅफेचा, आणि संवादयंत्र वेटरची वाक्यं रटाळ आवाजात म्हणत होतं. काचेबाहेरून बायकोचे धडे ऐकत थोडं फ्रेंच शिकलेल्या कौस्तुभला ते ऐकवेना.

“हे मी करतो.”

“टिपणीस, थांबा!”

तोवर तो ट्रे उचलून आत गेलाही होता.

मग रोज तोच कॉफी देऊ लागला. त्याच्या उच्चारांना ती खुदकन हसायची आणि त्याचा दिवस सोन्याचा व्हायचा. एके दिवशी तिला ‘कॉनेत्र’ शिकवलं : ओळख असणं. दुसऱ्या दिवशी त्यानं कप ठेवला, तशी ती बराच वेळ त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

“झ व्हू रकॉने,” ती म्हणाली. मी तुम्हाला ओळखलं.

हा शब्द कुणीच शिकवला नव्हता. ‘र’ तिनं आपणहून लावला होता. कौस्तुभचे डोळे भरून आले.

“कोण मी?” त्यानं फ्रेंचमध्ये विचारलं.

“इथले वेटर!” ती आनंदानं म्हणाली. “आणि आजही चमचा विसरलात.”

तो बाहेर आला.

“म्हणून थांबा म्हणत होते,” मुजावर हळूच म्हणाल्या. “त्या भाषेत आता तुम्ही वेटरच.”

“पुसता येणार नाही?”

“नाही. पण ओळख पुढे वाढते, कुणाचीही वाढते तशी.”

कौस्तुभनं तोंडावरून हात फिरवला. आज पहिल्यांदाच तो एका जागी उभा होता.

“डॉक्टर, लग्न करणं, याला फ्रेंचमध्ये काय म्हणतात?”

“मारिये.”

“म्हणजे रमारिये,” तो म्हणाला, आणि चमचा घेऊन आत गेला.