तीस दिवसांची ट्रायल

"आवाज अजून येतोय," तो म्हणाला.

"नाही येत," ती म्हणाली.

मिस्त्री आणि गिऱ्हाईक यांच्यातला हा वाद तसा रोजचाच. फरक एवढाच, की या दुकानातली मिस्त्री सव्वीस वर्षांची मुलगी होती आणि शिलाई मशीन दुरुस्त करण्यात तिचा हात धरणारं त्या बाजारात कोणी नव्हतं. थोरले मिस्त्री, म्हणजे तिचे बाबा, गुडघे कुरकुरायला लागल्यापासून काउंटरवर बसत. मशीन उघडणं, जोडणं, तेल घालणं सगळं हिच्याकडे. लोक तिला धाकटी मिस्त्री म्हणत आणि ते तिला मनापासून आवडायचं.

तो आपल्या ताईचं मशीन न्यायला आला होता. उंच, किंचित वाकून बोलणारा, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. तिनं पुन्हा पायडल मारलं. चाक फिरलं, सुई खालीवर झाली.

"ऐका. काही आवाज आहे?"

त्यानं मशीनजवळ कान नेला. "आहे. सुई खाली जाताना. बारीक आहे, पण आहे."

तिनं बाबांकडे पाहिलं. बाबा जरा चाचरत म्हणाले, "येतोय गं. मला वाटलं, तुझं तेल घालायचं राहिलंय."

 त्या महिन्यात तक्रार आलेलं हे तिसरं मशीन. दुसरी कुणी असती तर गिऱ्हाइकावर उखडली असती. हीही उखडणारच होती, पण तिच्या रागाच्या आधी नेहमी तिचं कुतूहल धावतं, त्याला ती तरी काय करणार?

"कसा येतो? करून दाखवा."

आणि तो चांगला शिकलासवरलेला माणूस, भरल्या दुकानात, बाकावर दोन शिंपीणबाया बसलेल्या असताना, गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "चिक्... चिक्... चिक्."

शिंपीणबाया पदर तोंडाला लावून हसल्या. तो मात्र हसला नाही. हळूच म्हणाला, "मी कानांचंच काम करतो. कमी ऐकू येणाऱ्यांना यंत्र बसवून देतो. एकदा तपासून घ्या. हे मी... धंदा म्हणून नाही सांगत."

"मग काय म्हणून सांगताय?"

 त्यानं घाईघाईनं मशीनचं झाकण उचललं, नमस्कार केला आणि मशीन तिथंच ठेवून निघून गेला.

"वेंधळा आहे," बाबा म्हणाले, "पण कान चांगला आहे."

तपासणीत जे निघायचं ते निघालं. चार वर्षांपूर्वी ती तापानं आठ दिवस पडून होती, तेव्हापासून वरच्या पट्टीतले बारीक आवाज हळूहळू गेले होते. माणसं ऐकू यायची, गाड्या ऐकू यायच्या. पण मशीनच्या पोटात काय दुखतंय ते सांगणारे आवाज नेमके बारीक असतात. कानवाल्यानं (दुकानात त्याचं नाव आता कानवाला पडलं होतं) तिच्या तळहातावर शेंगदाण्याएवढी दोन यंत्रं ठेवली.

"तीस दिवसांची ट्रायल. लाल खुणेचं उजव्या कानाला, निळं डाव्या. काही खुपलं, टोचलं, आवाज विचित्र आला, तर लिहून ठेवा आणि येऊन सांगा. तीस दिवसांनी फॉर्मवर सही करायची. ठेवायचं असेल तर ठेवायचं, नाहीतर परत. मग फाइल बंद."

"उघडून बघू का?"

"नको," तो घाबरून म्हणाला.

यंत्र कानात घालणं सोपं होतं. पण ते चालायला फोनमध्ये ॲप पाहिजे आणि ॲपला तिचा फोन पसंत नव्हता. फार जुना म्हणे. नवा फोन आणला. नव्या फोननं आधी भाषा विचारली, मग जन्मतारीख, मग अंगठा मागितला, मग चेहरा. चेहरा दाखवला तर म्हणाला, जरा उजेडात या. पासवर्ड दिला तर म्हणाला, फार सोपा आहे. त्यात एक मोठं अक्षर घातलं, एक आकडा घातला, एक फुली घातली, तर म्हणाला, कोड ई-मेलवर पाठवलाय. त्या ई-मेलचा पासवर्ड कुणाला ठाऊक! बहुधा कॉलेजातल्या वहीत असेल, आणि ती वही रद्दीत जाऊन पाच वर्षं झाली.

चौथ्या दिवशी ॲप उघडलं, तर त्याला फक्त डावा कान सापडला. उजवा कान तिच्या डोक्याला लागलेला होता, तरी ॲप म्हणे, सापडत नाही, जवळ आणा.

"आणखी किती जवळ आणू?" ती फोनवर ओरडली. बाबांनी पेपर खाली केला आणि पुन्हा वर घेतला.

ती तशीच कानवाल्याकडे गेली. "सुई मोडली तर दिसते. पट्टा तुटला तर दिसतो. याचं काय बिघडलंय तेच दिसत नाही. असलं कसलं हो यंत्र?"

"बसा," तो म्हणाला आणि बोलता बोलता त्यानं उजवा कान तिच्या फोनला जोडून दिला. "मलासुद्धा माझं घड्याळ फोनला जोडता आलं नाही अजून. सहा महिने झाले. ते मला रोज सकाळी उभं राहायला सांगतं, आणि मी उभाच असतो."

ती हसली. तिचं हसू तिच्याच कानात इतकं खणखणीत आलं की ती दचकली. "मी... अशी हसते?"

"हो," तो म्हणाला आणि उगाच संगणकाकडे बघू लागला.

त्या दिवसापासून तिची वही सुरू झाली. लिहायच्या होत्या तक्रारी, पण तिनं लिहिले आवाज. 'जिन्याच्या पाचव्या पायरीला कुर्र. आधी होतं का?' 'चहा गाळताना शेवटचा थेंब वाजतो.' 'बाबा पेपर वाचताना ओठांतल्या ओठांत वाचतात. मला कधीच माहीत नव्हतं.' दर तीन-चार दिवसांनी ती वही घेऊन जायची आणि तो एकेक ओळ वाचायचा. कानवाल्याला रोज दहा माणसं येऊन सांगायची, भांडी वाजतात, गाड्या वाजतात, काढा हे. चहाचा थेंब आजवर कुणी आणला नव्हता.

"हे काय? 'कागदासारखा आवाज, मान हलवली की, घरात कुठेही.'"

"तेच कळत नाहीये. तुम्हाला विचारायला ठेवलंय."

तो थोडा पुढे वाकला. "तुमचे केस. यंत्राच्या माइकवर घासतायत." त्याचा हात तिच्या कानापर्यंत गेला, तिथं थांबला आणि मागे आला. "तुम्हीच... मागे घ्या जरा."

तिनं बट कानामागे सारली. आवाज बंद झाला. त्यानं वहीतली ती ओळ खोडली, आणि खोडलेलीच पुन्हा खोडली.

आता खरी गंमत ऐका. विसाव्या दिवसापर्यंत यंत्र अगदी अंगवळणी पडलं होतं. तक्रार म्हणावी अशी एकच उरली होती. पण तिनं उरलेले दिवस मोजले. दहा दिवस. मग सही, मग फाइल बंद, आणि फाइल बंद झाल्यावर हा माणूस कशाला भेटतोय? ताईचं मशीन तर तिनं बाबांना ऐकायला बसवून इतकं छान केलं होतं की ते पाच वर्षं दुकानाचं तोंड बघणार नव्हतं. तिला स्वतःच्याच कामाचा राग आला.

मग तिनं सरळ तक्रारी बनवायला घेतल्या. "उजव्या कानात सकाळी हवा लागते." "चहाच्या वेळी शिट्टी वाजते. फक्त चहाच्याच वेळी." तो बिचारा प्रत्येक तक्रार नीट लिहून घ्यायचा, यंत्र उघडायचा, तपासायचा. काहीच सापडायचं नाही. प्रत्येक वेळी त्याचा चेहरा थोडा आणखी उतरायचा. 'कंटाळला मला,' असं मनात म्हणत ती घरी यायची आणि रात्रीच्या जेवणाआधी नवी तक्रार शोधून ठेवायची.

एकोणतिसाव्या दिवशी तिनं खरी तक्रार काढली. "माणसांचे आवाज छान येतात. पण मशीनजवळ बसले की मशीनच विझतं. बारीक आवाज येतो आणि दोन सेकंदांत जातो."

तो ताडकन सरळ बसला. "हे आधी का नाही सांगितलंत? यंत्राला वाटतं, एकसारखा चाललेला आवाज म्हणजे कचरा. ते तो दाबतं आणि माणसांचा आवाज पुढे आणतं."

"मला माणसांचा नकोय. मशीनचा हवाय."

"सगळ्याच माणसांचा नको?"

ती वहीची पानं उलटू लागली. आपण काय बोललो ते त्याला कळलं. मग म्हणाला, "उद्या दुकानात येतो. हे तिथंच लावावं लागेल."

तिसावा दिवस. बाबा काउंटरवर पेपर घेऊन, ती मशीनपाशी, तो शेजारच्या स्टुलावर. तिनं नवा फोन काढला, तर फोननं त्याच मुहूर्तावर अपडेट सुरू केलं होतं. 'कृपया थांबा. फोन बंद करू नका.' बारा टक्के.

"याला आत्ताच बरं सुचलं," ती म्हणाली.

"राहू द्या. माझ्या फोनला जोडतो." त्यानं तिच्या कानातली यंत्रं आपल्या फोनला जोडली. दोन्ही कान पहिल्याच फटक्यात सापडले. तिला तेही अन्यायाचंच वाटलं.

"आता चालवा. आणि मला सांगा, पूर्वी कसं वाजायचं?"

"कसं सांगू?"

"मी केलं होतं की तुमच्यासाठी. भर दुकानात."

तेव्हा तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि ओठ मुडपून आवाज काढले. सुईखालचं, तेलाविना सुकलेलं शटल, सैल पट्टा, बोथट सुई. तो ऐकत गेला आणि फोनवर एकेक पट्टी वर-खाली सरकवत गेला. पाऊण तास गेला. चहा निवला. मग बाकावरचं एक आजारी मशीन तिनं ओढलं, पायडल मारलं, आणि तिचा पाय थांबला.

चिक्... चिक्... चिक्.

"येतोय," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले आणि तिला त्याची लाज वाटली नाही. "बाबा, येतोय. शटलच्या डाव्या बाजूला."

बाबांनी पेपर बाजूला ठेवला आणि चष्मा पुसायला काढला.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्यानं सवयीनं उचलून कानाला लावला. "हां ताई, बोल."

आणि ताई बोलली. पण बोलली ती धाकट्या मिस्त्रीच्या दोन्ही कानांत.

"काय रे, पोचलास का मशीनवालीकडे? आज तिसावा दिवस ना? मग आज तरी बोल. 'ती पेशंट आहे, फाइल बंद होऊ दे, मग विचारतो,' महिनाभर हेच पालुपद ऐकतेय मी. आणि त्या मुलीच्या तक्रारी काही संपत नाहीत. रोज तोंड पाडून घरी येतोस. हॅलो? ऐकतोयस का?"

"हॅलो? ताई, तुझा आवाजच येत नाहीये. हॅलो?"

धाकट्या मिस्त्रीचा हात चाकावर तसाच राहिला. तो फोनकडे बघत होता, आणि मग त्याला आठवलं की यंत्रं याच फोनला जोडलेली आहेत. त्यानं सावकाश मान वर केली.

"तुम्हाला... ऐकू आलं?"

तिनं मान हलवली.

"काय म्हणाली?"

बाबा तीन हातांवर. ती खालच्या आवाजात म्हणाली, "विचारतायत, तक्रारी संपायची वाट अजून किती दिवस बघणार."

तो कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. उठला, स्टूल पाडलं, उचललं. "मी जरा... रेंज तपासून येतो," असं बाबांना सांगून फोन घेऊन रस्ता ओलांडून समोरच्या फुटपाथवर गेला. तिथं त्यानं फोनवर काहीतरी दाबलं आणि तो तोंडापाशी धरला.

"ऐकू येतंय?" तिच्या कानात तो अगदी जवळून म्हणाला. "फोनचाच माइक केलाय. येत असेल तर मान हलवा."

तिनं हलवली.

"पेशंटला असलं काही विचारायचं नाही, हा माझा नियम. यंत्र आपल्या हातात असताना समोरच्याला नाही म्हणणं जड जातं. म्हणून थांबलो. काउंटरवर फॉर्म आहे. त्यात तक्रार लिहिलीत, तर सोमवारी येऊन दुरुस्त करीन आणि हा विषय पुन्हा निघणार नाही. पण तक्रार नसेल, तर..."

मधे एक टेम्पो येऊन उभा राहिला. आवाज तुटला. ती जागची उठून टाचा उंचावून बघू लागली. टेम्पो गेला तेव्हा तो तिकडे अजून बोलतच होता. तिनं हातानं खूण केली, पुन्हा. त्याला सगळं पुन्हा म्हणावं लागलं.

"तर तुमच्या वहीतले आवाज मला रोज ऐकायचेत. तुमच्या तोंडून. मला तुम्ही फार आवडता. लग्न कराल का माझ्याशी?"

"तो तिकडे एकटाच काय बडबडतोय?" बाबांनी विचारलं.

"रेंज तपासतायत."

"मग? येतंय का नीट?"

"येतंय, बाबा."

बाबांनी एकदा रस्त्यापलीकडे पाहिलं, एकदा लेकीकडे पाहिलं, आणि न सांगताच फॉर्म तिच्यापुढे सरकवला. तिनं पेन घेतलं. 'तक्रार' या रकान्यात लिहिलं, 'एक खरी होती, ती आज मिटली. बाकीच्या सगळ्या खोट्या.' खाली सही केली आणि फॉर्म घेऊन रस्ता ओलांडला.

त्यानं वाचलं. पुन्हा वाचलं. "उजव्या कानातली हवा?"

"नव्हती."

"चहाच्या वेळची शिट्टी?"

"तीही नव्हती. तक्रारी संपल्या की तुम्ही याल कशाला, असं वाटायचं मला."

"अहो, मी त्या संपायची वाट बघत होतो," तो म्हणाला. "रोज."

"तुमचा फोन खिशात ठेवा आता," ती म्हणाली. "मी पेशंट नाही. तोंडानं विचारा."

त्यानं फोन खिशात ठेवला आणि तिसऱ्यांदा विचारलं. भर रस्त्यात, हॉर्न वाजत असताना, कुठल्याही माइकशिवाय. तिला एकेक शब्द ऐकू आला आणि ती हो म्हणाली.