खाणीवरची हाक

"नीघ! आत्ताच्या आत्ता माझ्या घरातून चालती हो!"

पाडव्याचा दिवस, दारात गुढी उभी, पाटापुढे पानं वाढलेली... आणि सासऱ्यांचं, धोंडिरामांचं, बोट थेट प्रेमाच्या तोंडासमोर! बिचारीच्या हातातलं तुपाचं भांडं हातातच राहिलं. घाटकोपरच्या टेकडीवरच्या या चाळीत लग्न होऊन आल्यापासून जिनं धोंडिरामांपुढे कधी मान वर केली नाही, त्या पोरीच्या हातून असा कोणता गुन्हा घडला होता?

गुन्हा आणला होता काशीरामनं. धोंडिरामांचा हा चुलतभाऊ परळहून सणाचं जेवायला आला आणि पाटावर बसता बसता म्हणाला, "दादा, राग मानू नको, पण गिरणीत कानावर आलं ते सांगतो. धुळवडीला तुझ्या सुनेनं खाणीवर चारचौघांत एका पुरुषाच्या तोंडाला तोंड लावलं म्हणे!" तो पुरुष कोण, हे काही त्याच्यापर्यंत पोचलं नव्हतं. अर्ध्या गोष्टीवर पुरी आग लावायची मेल्याला हौस भारी!

"खरं की खोटं?" धोंडिराम गरजले.

प्रेमानं सासूकडे पाहिलं. रुक्मिणीबाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. प्रेमाचा नवरा लवू कामाच्या पाळीवर गेलेला. तिची बाजू घ्यायला घरात कुणी नव्हतं.

"खरं आहे, मामंजी," ती हळूच म्हणाली.

खरंच होतं हो ते! पण कसं खरं, तेही ऐका.

धुळवडीच्या दुपारी चाळीतले पुरुष अंगावरचा रंग धुवायला खाणीवर गेले होते. दगड काढून काढून पडलेला तो प्रचंड खड्डा, त्यात बारमास हिरवं पाणी आणि कडेला शेवाळ. धोंडिरामांचा पाय सटकला. पोरांनी वर काढलं तेव्हा ओठ निळे पडलेले, छाती हलत नव्हती. "पाय धरून गरगर फिरवा रे!", "पोट दाबा, पाणी काढा!", जो तो ओरडत होता. पलीकडे धुणं बडवणारी प्रेमा हातातला कपडा टाकून धावली. गेल्या डिसेंबरात पाकिस्तानशी लढाई पेटली तेव्हा म्युनिसिपल शाळेत प्रथमोपचाराचे वर्ग भरले होते. सासूच्या परवानगीनं ती तिथे शिकली होती. तशी तिची नर्सिंगला निवडच झाली होती, लग्नाआधी! पण "परक्या पुरुषांना हात लावायचं काम माझ्या घरची सून करणार नाही," असं धोंडिराम एकदाच बोलले आणि त्या पोरीनं मनातली एवढी मोठी आस मनातच पुरून टाकली... चकार शब्द न काढता!

"सोडा त्यांचे पाय! खाली झोपवा!" ती किंचाळली. बोटांनी तोंडातला चिखल काढला, सुटलेली कवळी काढून पदराच्या टोकाला बांधली, कपाळ मागे लोटून हनुवटी उचलली, नाक चिमटीत धरलं... आणि थबकली. ज्यांच्यापुढे डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही, त्यांच्याच तोंडाला तोंड लावायचं? आणि सारी चाळ बघत असताना? पण ते क्षणभरच! तिनं श्वास फुंकला. छाती वर आली. पुन्हा फुंकला, पुन्हा... डोळ्यांपुढे काजवे चमकले तरी थांबली नाही. मधूनच गालावर चापट मारून ती हाक मारत होती. "मामंजी! मामंजी!" काही नाही. आणि मग कसं कोण जाणे, तिच्या तोंडून निघून गेलं, "धोंड्या! अरे धोंड्या, ये रे परत!"

धोंडिरामांना उचकी लागली. घळघळ पाणी ओकले. तिनं त्यांना कुशीवर वळवलं आणि मग स्वतः तिथेच चिखलात बसून हमसाहमशी रडली.

हॉस्पिटलात बोलायला लागल्यावर त्यांचं पहिलं वाक्य होतं, "माझी आय आली होती गो! धोंड्या म्हणून हाक मारलीन तिनं. तिच्याशिवाय मला धोंड्या म्हणणारं आहे कोण?" आई तर कधीच देवाघरी गेलेली! रुक्मिणीबाई घाबरल्या. सुनेचं तोंड लागलं हे कळलं, तर हा मानी माणूस लाजेनं पुन्हा खाणीत उडी घेईल! त्यांनी सगळ्या चाळीला हात जोडले, प्रेमाला गळ घातली. प्रेमा म्हणाली, "नाही बोलणार, आई. ते घरी आले, मला सगळं मिळालं." देवाची आठवण काढून ती रोज मनोमन हात जोडत होती, एवढंच.

म्हणून तर आज पहिलं पान धोंडिरामांनी आईच्या फोटोपुढे ठेवलं होतं.

प्रेमा आत जाऊन दोन लुगडी गुंडाळून घेऊन आली. सासऱ्यांच्या पायांशी वाकली. "येते, मामंजी. छातीत अजून कफ आहे तुमच्या. उशी उंच घेऊन झोपत जा."

ते ऐकलं मात्र, रुक्मिणीबाईंचा बांध फुटला! "थांब गो बाय, उंबरा ओलांडू नको! अहो, विचारा तरी तो पुरुष कोण ते! तुम्ही! ज्यांच्या तोंडात हिनं आपला श्वास घातला ते तुम्हीच! आणि ती धोंड्या म्हणून हाक... तीही हिचीच हो!"

धोंडिराम मटकन पाटावर बसले. काशीराम गुपचूप चपला शोधू लागला.

"म्हणजे..." म्हाताऱ्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "म्हणजे माझी आय नव्हती आली?"

प्रेमाला भडभडून आलं. "आल्या होत्या, मामंजी. नाहीतर या सुनेच्या जिभेवर तुमचं नाव चढलं असतं का?"

धोंडिराम ओक्साबोक्शी रडले. मग उठले, फोटोपुढचं पान दोन्ही हातांनी उचललं आणि प्रेमाच्या पुढ्यात ठेवलं.

"बस."

"अहो मामंजी, आधी तुम्ही... बायका मागून..."

"बस म्हणतो ना! आय जेवल्याशिवाय मी कधी जेवलो नाही." त्यांनी तुपाचं भांडं घेऊन पोळीवर तूप ओतलं, चांगलं ओघळेस्तोवर. "आणि रे काशीराम, चाललास कुठे? बस, हिला पंख्यानं वारा घाल!"

प्रेमानं घास घेतला.

"ते नर्सिंगचं," धोंडिराम खाली बघत पुटपुटले, "अजून घेतील का गो तुला?"

"विचारावं लागेल, मामंजी."

"मग उद्याच जाऊ. मी येतो बरोबर. हिला काय येतं म्हणून कुणी विचारलंन, तर मी पुढे होऊन सांगेन... मला बघा म्हणावं!"